कॉलेजांतील गणिताचा गृहपाठ

गृहपाठ हा शब्द उच्चारला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें शाळकरी मूलच येतें. कॉलेजांत गेलेल्या मुलाला गृहपाठ कसला, तो आतां स्वतःचा अभ्यास स्वतः करील, अशी सुशिक्षित घरांतूनहि समजूत असते. ही समजूत ज्या विषयांत सर्वांत महाग पडते, तो विषय म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचें गणित, आणि त्यांतहि विशेषेंकरून कलनगणित. बारावीला उत्तम गुण मिळविलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्याच सहामाहींत ह्या विषयांत अडखळते, आणि घरच्या मंडळींना त्याचें कारण कळत नाहीं. बुद्धि कमी पडली म्हणावें तर तसें नसतें. वह्या पाहाव्या तर त्या भरलेल्या असतात. मग चुकतें तें कोठें?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या टापूइतकें योग्य ठिकाण महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी ह्या गांवांच्या शिवारांत कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८२ सालीं येथें महानगरपालिका झाली. पुढें नाशिक रस्त्यावरील चाकणच्या माळावर मोटारींचे प्रचंड कारखाने आले. कारखान्यांच्या पाठोपाठ कॉलेजेंहि आलीं. १९९९ सालीं निगडीस पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग निघालें. आकुर्डी, पिंपरी, रावेत, तळेगांव येथेंहि अशा संस्था आहेत. मराठवाड्यांतून, खानदेशांतून, विदर्भांतून आलेलीं मुलें ह्या भागांत खोल्या घेऊन राहतात. आणि ज्यांचे वडील चाकणला दुसऱ्या पाळीला जातात, अशीं मुलेंहि त्यांच्याच शेजारीं वर्गांत बसतात. मुलानें कारखान्यांत जावें, पण यंत्रावर नव्हे, आराखड्याच्या टेबलावर जावें, ही ह्या घरांची आकांक्षा असते. त्या टेबलाची वाट कलनगणितावरून जाते.

कलन म्हणजे बदलाचें गणित. एखादी राशि बदलत असतां अमुक क्षणीं ती किती वेगानें बदलते हें काढण्याची रीत म्हणजे अवकलन. आणि बारीक बारीक भागांची बेरीज करून एकूण काढण्याची रीत म्हणजे समाकलन. सतराव्या शतकांत न्यूटन आणि लायब्निट्स यांनीं ह्या शास्त्राला रूप दिलें. त्यापूर्वीं सुमारें पांचशें वर्षें, ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणींत, भास्कराचार्यांनीं ग्रहाची तात्कालिक गति काढतांना ह्या विचाराच्या उंबरठ्यावर पाऊल ठेविलें होतें, ही गोष्ट काशीच्या संस्कृत कॉलेजांतील महाराष्ट्रीय गणिती बापूदेव शास्त्री यांनीं १८५८ सालीं एका निबंधानें विद्वानांच्या नजरेस आणली. त्याच भास्कराचार्यांची लीलावती पाहिली तर गृहपाठाचें मर्म तेथेंच सांपडतें. रीत सांगून ग्रंथकार थांबत नाहीं. रीत सांगतांच तो वाचकापुढें एक उदाहरण टाकतो आणि त्याला कामास लावतो. म्हणजे उदाहरण हें शिकवून झाल्यानंतरचें शेपूट नव्हे. शिकविण्याचाच तो अर्धा भाग होय.

आतां आजची व्यवस्था पाहूं. सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाच्या गणिताला सहामाहीच्या मध्यावरील परीक्षेचे ३०, अखेरच्या परीक्षेचे ७० आणि सत्रकार्याचे २५ गुण ठेविले होते. आठवड्यांतून एक तास उदाहरणें सोडविण्याच्या वर्गासाठीं होता. कांहीं कॉलेजें आतां स्वायत्त झालीं आहेत व आपापले नियम करतात. पण गृहपाठाची रीत थोड्याफार फरकानें सर्वत्र सारखीच आहे. प्रत्येक प्रकरणावर उदाहरणांचा एक संच दिला जातो. तो कोऱ्या कागदांवर सुवाच्य अक्षरांत उतरवून, ठरलेल्या दिवशीं, सह्यांसाठीं द्यावयाचा असतो. विद्यार्थ्यांच्या भाषेंत ह्याला ‘सबमिशन’ म्हणतात. हा शब्दच पुरेसा बोलका आहे. गृहपाठ करावयाचा नसतो; तो द्यावयाचा असतो.

जी वस्तु केवळ द्यावयाची असते, ती आणावी कोठून हा प्रश्न गौण ठरतो. पूर्वीं ती वरच्या वर्गांतील मुलाच्या फाईलींतून येई. मग वर्गांतील एका हुशार मुलीच्या वहीचीं छायाचित्रें रात्रीं दहा वाजतां साठ जणांच्या फोनवर येऊं लागलीं. आतां तर तीहि गरज राहिली नाहीं. फोनचा कॅमेरा उदाहरणावर धरला कीं पायऱ्यांसह उत्तर पडद्यावर उमटतें, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलें तर ती प्रत्येक पायरीचें स्पष्टीकरणहि देते. मुलगा तीन तास मान खालीं घालून लिहीत असतो. घरच्यांना समाधान वाटतें. अक्षर सुंदर, कागद स्वच्छ, सही वेळेवर. आणि ह्या तीन तासांत त्याच्या डोक्यानें केलेलें काम मात्र नक्कल-कारकुनाच्या कामापेक्षां अधिक नसतें.

हें दुखणें केवळ येथलें नाहीं. अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत ग्लास आणि कांग ह्या दोघांनीं अकरा वर्षांच्या काळांतील २,४३३ विद्यार्थ्यांचे गृहपाठ आणि परीक्षा ताडून पाहिल्या. विषय मानसशास्त्राचा होता, गणिताचा नव्हे. तरी निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. गृहपाठांत चांगले गुण आणि परीक्षेंत त्याहून कमी, असे विद्यार्थी २००८ सालीं शेंकडा १४ होते. २०१७ सालीं ते शेंकडा ५५ झाले. जें उत्तर स्वतःच्या मनांतून काढलें, तें परीक्षेपर्यंत टिकलें. जें दुसरीकडून उतरविलें, तें कागदावरच राहिलें.

परंतु सारा दोष फोनवर ढकलून मोकळें होतां येणार नाहीं. मुलें कॉलेजांत येतात तींच एका विशिष्ट संवयीनें घडलेलीं असतात. महाराष्ट्राच्या प्रवेशपरीक्षेंत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. प्रत्येक प्रश्नाखालीं चार उत्तरें छापलेलीं असतात व त्यांतील एक निवडावयाचें असतें. ह्या परीक्षेसाठीं दोन वर्षें शिकवणीच्या वर्गांत जें शिकविलें जातें, तें म्हणजे उत्तर ओळखण्याची कला. ती कला कमी प्रतीची नव्हे. पण ती निराळी आहे. उत्तर ओळखणें आणि उत्तरापर्यंत पोंचणें ह्यांतील अंतर एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

चाकणच्या कोणत्याहि पत्राकाम करणाऱ्या शेडमध्यें शोभेल असें हें उदाहरण आहे. तीस सेंटिमीटर बाजूचा एक चौरस पत्रा घेतला. त्याच्या चारी कोपऱ्यांतून सारखे छोटे चौरस कापून काढले आणि उरलेल्या कडा वर दुमडून झांकण नसलेली पेटी केली. पेटींत जास्तींत जास्त माल मावावा, तर कोपऱ्यांतील चौरस केवढा कापावा? कापलेल्या चौरसाची बाजू ‘क्ष’ मानली तर पेटीची उंची ‘क्ष’ आणि तळाची प्रत्येक बाजू तीस वजा दोन ‘क्ष’ होते. ह्यावरून घनफळ मांडावयाचें, त्याचें अवकलन करावयाचें आणि तें शून्य केव्हां होतें तें पाहावयाचें. दोन उत्तरें येतात: ५ आणि १५. पांच सेंटिमीटर कापलें तर तळ वीस बाय वीस आणि घनफळ २,००० घन सेंटिमीटर भरतें. चार कापलें तर १,९३६ आणि सहा कापलें तर १,९४४. म्हणजे पांच हेंच खरें.

प्रवेशपरीक्षेंत ह्याच प्रश्नाखालीं ३, ५, ६ आणि १५ अशीं चार उत्तरें छापलीं तर अवकलनाची गरजच नाहीं. चारी आंकडे घालून पाहावे, मोठें घनफळ येईल तें निवडावें, गुण घ्यावे. कॉलेजच्या परीक्षेंत मात्र विचारतात कीं, १५ हें उत्तर कां सोडलें? ज्यानें उदाहरण उतरवून काढलें आहे त्याच्या कागदावर ‘१५ शक्य नाहीं’ एवढें वाक्य असतें, पण तें कां शक्य नाहीं हें त्याला सांगतां येत नाहीं. ज्यानें स्वतः पत्र्याचा एक कागद कापून पाहिला, त्याला तें तत्काळ दिसतें: प्रत्येक कोपऱ्यांतून पंधरा कापले तर तीसच्या पत्र्यांतून तळ उरतच नाहीं, पेटी नाहींशी होते आणि घनफळ शून्य येतें. अवकलन शून्य झालें म्हणून तें ठिकाण सर्वांत मोठेंच असेल असें नाहीं. तें सर्वांत लहानहि असूं शकतें. हा एक धडा मनांत बसला तर पुढील अनेक प्रकरणें सोपीं होतात. तो न बसतां पन्नास उदाहरणें लिहून काढलीं, तरी पन्नासावें पहिल्याइतकेंच परकें राहतें.

ह्या ठिकाणीं कॉलेजानें शेजारच्या कारखान्याकडे पाहावें. यंत्रशाळेंत पाळी सुरू झाली आणि यंत्र लावून झालें कीं कामगार एकदम हजार नग काढीत सुटत नाहीं. तो पहिला नग काढतो. त्या ‘फर्स्ट पीस’चीं मापें व्हर्निअरनें आणि गेजनें तपासलीं जातात, तीं बरोबर ठरलीं म्हणजेच पुढील काम चालू होतें. कारण उघड आहे. हत्यार केंसभर सरकलेलें असेल तर पहिला नग एकच वाया जातो. तपासणी पाळीच्या अखेरीस झाली तर सगळी रास भंगारांत जाते. गृहपाठांत आज नेमकें उलट घडतें. विद्यार्थी वीस उदाहरणें एकाच चुकीच्या समजुतीनें सोडवितो, तीं तीन आठवड्यांनीं तपासलीं जातात, आणि तोंपर्यंत ती चूक वीस वेळां गिरवून पक्की झालेली असते.

अध्यापकांची बाजूहि येथें सांगितली पाहिजे. एका तुकडींत साठ विद्यार्थी धरले आणि प्रत्येकानें आठवड्यास दहा उदाहरणें सोडविलीं, तर सहाशें उदाहरणें तपासावीं लागतात. प्रत्येकाला तीन मिनिटें दिलीं तरी १,८०० मिनिटें, म्हणजे ३० तास होतात. इतका वेळ कोणत्याहि अध्यापकापाशीं नसतो. म्हणून सही होते, तपासणी होत नाहीं. पण पहिल्या नगाचा न्याय लाविला, आणि दहांतील एकच उदाहरण, दुसऱ्याच दिवशीं, नीट तपासून परत दिलें, तर हेंच काम तीन तासांचें होतें. उरलेलीं नऊ विद्यार्थ्यानें त्यानंतर सोडवावीं आणि पुस्तकाच्या शेवटीं दिलेल्या उत्तरांशीं ताडून पाहावीं. श्रम कमी होतात आणि फळ अधिक मिळतें.

छापील उत्तर किंवा आदर्श रीत पाहणें मुळांतच वाईट आहे, असा ह्याचा अर्थ नव्हे. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, तेव्हां साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. त्या परीक्षेसाठीं मुलें तयार करणाऱ्या खासगी शिक्षकांत एकोणिसाव्या शतकांतील सर्वांत नामांकित शिक्षक म्हणजे एडवर्ड राउथ. दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर त्यांच्या हाताखालून गेले. विद्यार्थ्यांनीं ठराविक वेळांत कठीण प्रश्न स्वतः सोडवावे, त्यांचे गुण सर्वांना दिसावे, आणि त्यानंतर आदर्श उत्तरें पाहावयास मिळावीं, अशी त्यांची शिस्त होती. उत्तर पाहण्यास तेथेंहि बंदी नव्हती. बंदी होती ती आधीं पाहण्यास. स्वतः झटून अडलेल्या माणसाला उत्तर पाहतांच आपण कोठें अडलों तें कळतें. न झटलेल्याला तेंच उत्तर केवळ सरळ आणि सोपें वाटतें. फोनवरील पायऱ्यांचेंहि असेंच आहे. वीस मिनिटें स्वतः प्रयत्न केल्यावर त्या पाहिल्या तर त्या गुरु होतात. आधीं पाहिल्या तर फसव्या सोबती.

दुसरी एक संवय अशीच निरुपद्रवी दिसणारी, पण घातक आहे. अवकलनाचें एक सूत्र शिकविलें कीं त्याच सूत्राचीं पंधरा उदाहरणें सलग द्यावयाचीं, अशी पद्धति आहे. मुलाला दुसऱ्या उदाहरणापासून विचारच करावा लागत नाहीं. कोणतें सूत्र लावावयाचें हें त्याला आधींच ठाऊक असतें. परीक्षेंत मात्र प्रश्नांची सरमिसळ असते. अमेरिकेंतील रोहरर आणि टेलर यांनीं २००७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला घनफळाचीं उदाहरणें प्रकारवार दिलीं, दुसऱ्याला मिसळून दिलीं. सरावाच्या वेळीं पहिल्या गटाचीं शेंकडा ८९ उत्तरें बरोबर आलीं आणि दुसऱ्याचीं शेंकडा ६०. एका आठवड्यानें परीक्षा घेतली, तेव्हां पहिला गट शेंकडा २० वर घसरला आणि दुसरा शेंकडा ६३ वर टिकला. म्हणजे ज्या सरावानें आज आत्मविश्वास वाढतो, तोच उद्यां दगा देऊं शकतो. दहा उदाहरणांच्या संचांत पांच आजचीं, तीन मागील आठवड्याचीं आणि दोन मागील महिन्याचीं, एवढी साधी सुधारणा करण्यास खर्च लागत नाहीं.

तिसरी गोष्ट एकटेपणाची. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत युरी ट्रीझमन ह्या तरुण गणितज्ञाला एक कोडें पडलें. कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनगणितांत मोठ्या संख्येनें कां मागें पडतात? प्राध्यापकांना विचारलें, तेव्हां कोणी म्हणे आस्था नाहीं, कोणी म्हणे शाळेंतील तयारी कच्ची, कोणी म्हणे घरचा पाठिंबा नाहीं. ट्रीझमन यांनीं विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रत्यक्ष त्यांच्याजवळ राहून पाहिला, आणि हे तर्क टिकले नाहींत. हे विद्यार्थी वर्गांतील प्रत्येक तासामागें दोन तास, सांगितल्याप्रमाणें, नेमानें अभ्यास करीत होते, पण एकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी आधीं एकटे सोडवीत, मग एकत्र बसून एकमेकांचीं उत्तरें ताडीत, वाद घालीत, चुका दाखवीत. आपण कोठें आहोंत हें त्यांना परीक्षेपूर्वींच कळे. पुढें ट्रीझमन यांनीं छोट्या गटांत कठीण प्रश्न सोडविण्याचे वर्ग सुरू केले आणि त्या विद्यार्थ्यांची प्रगति लक्षणीय वाढली.

आकुर्डी-निगडीच्या भाड्याच्या खोल्यांतून चार चार मुलें एकत्र राहतात. जेवण एकत्र, लोकलचा प्रवास एकत्र. अभ्यास मात्र प्रत्येकाचा आपापल्या फोनमध्यें. मराठी माध्यमांतून आलेल्या मुलाला वर्गांत इंग्रजींतून शंका विचारण्याचा संकोच वाटतो. खोलींत मराठींतून विचारण्यास कोणताच अडथळा नसतो. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं ह्या चौघांनीं आपापलीं सोडविलेलीं उदाहरणें समोर ठेवून एकमेकांस पायरी पायरीचा जाब विचारला, तर महागड्या शिकवणीनें होणार नाहीं तें काम होईल. मात्र क्रम चुकतां कामा नये: आधीं एकटें, मग एकत्र. आधींच एकत्र बसलें तर एक सोडवितो आणि तिघे उतरवितात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षांत येणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण ह्याहून मोठी आहे. ह्या टापूंत अशीं मुलें पुष्कळ आहेत. यंत्रावर त्यांचा हात सराईत असतो. कलनाची ओळख त्यांना डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षीं झालेली असते, आणि मध्यें खंड पडून एकदम पुढचें गणित समोर येतें. त्यांना नव्या उदाहरणांआधीं जुन्यांची उजळणी हवी असते. मागें राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्षांत जाण्याची सवलत आहे. पण नोकरी देण्यास कॉलेजांत येणाऱ्या अनेक कंपन्या असा विषय शिल्लक असलेल्या उमेदवाराला मुलाखतीस बसूं देत नाहींत. एका पेटीच्या उदाहरणांतील न समजलेली पायरी अशा रीतीनें चार वर्षांनीं एका घराच्या मिळकतीपर्यंत जाऊन पोंचते.

सत्रकार्याच्या २५ गुणांचाहि थोडा निराळा विचार व्हावा. आज ते गुण बहुतांशीं वक्तशीरपणाचे आणि नीटनेटकेपणाचे असतात. तेच गुण सहीच्या वेळीं विचारलेल्या एका प्रश्नाला दिले तर सगळें चित्र पालटेल. फाईल कोणतेंहि पान उघडून समोर ठेवावी, एका ओळीवर बोट ठेवावें आणि ही ओळ कोठून आली एवढेंच विचारावें. एक मिनिट पुरतें. उत्तर कोठूनहि आणलेलें असो. तें विद्यार्थ्याचें झालें आहे कीं नाहीं, हें त्या मिनिटांत कळतें.

घरच्या मंडळींना कलनगणित येत नसेल, तरी त्यांचेंहि येथें काम आहे. ‘अभ्यास झाला का?’ ह्या प्रश्नाला ‘झाला’ ह्याखेरीज उत्तर नसतें. त्याऐवजीं, आज कोणतें उदाहरण अडलें, आणि तें कोणत्या ओळीवर अडलें, असें विचारावें. ज्याचें कांहींच अडलें नाहीं, त्यानें बहुधा कांहीं सोडविलेंच नाहीं. ज्याला आपलें अडलेलें ठिकाण नेमकें दाखवितां येतें, त्याचा अभ्यास योग्य रस्त्यावर आहे, मग त्या दिवशीं त्याच्या वहींत एकच उदाहरण असो आणि तेंहि अपुरें असो.